चिंचेच्या नावातला भारत

चिंचेचं शास्त्रीय नाव बदलायला हवं, असं माझं कैक वर्षं ठाम मत होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. लोकांना घेऊन झाडं ओळखत हिंडणं हा माझा जुना छंद, आणि अशा फेऱ्यांमध्ये मी हे मत इतक्या जणांच्या गळी उतरवलं आहे की ते का बदललं हेही चार लोकांत सांगायला हवं.

वाद आहे एका विशेषणाचा. 'इंडिका' हे लॅटिन विशेषण. अर्थ 'भारताची', 'भारतातली'. आपल्याकडे बहुतेकांना ते मोटारीमुळे ठाऊक आहे. १९९८ च्या शेवटी टाटांनी पुण्याच्या कारखान्यात बनवलेली गाडी या नावानं बाजारात आणली. तिच्या पाठोपाठ आलेली 'इंडिगो' हीसुद्धा मुळात याच विशेषणाची लेक. रोमन लोक आपल्याकडून जाणाऱ्या निळीला 'इंडिकम' म्हणत. 'भारतातलं' एवढंच म्हणायचं आणि पुढचं नाम गाळायचं. प्लिनीच्या ग्रंथात हा शब्द आहे. युरोपातल्या तोंडांमधून फिरत फिरत त्याचा 'इंडिगो' झाला. म्हणजे एकाच विशेषणाचं स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी रूप बरीच वर्षं आपल्या रस्त्यांवरून धावत होतं. मेगॅस्थेनिसच्या हरवलेल्या ग्रंथाचं नावही 'इंडिका'च, पण ते ग्रीक आणि अनेकवचनी: भारताबद्दलच्या गोष्टी.

झाडांच्या नावात हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मी हरखून गेले होते. आंबा, मँगीफेरा इंडिका. कडुनिंब, ॲझाडिरॅक्टा इंडिका. करमळ, डिलेनिया इंडिका. तीळ, सेसॅमम इंडिकम. फेरीत शाळेची मुलं असली की मी हमखास आंब्यापाशी थांबायचे आणि विचारायचे, 'याच्या नावात आपला देश आहे, कुठे आहे सांगा!' मुलांना आवडायचं. मोठ्यांना तर फारच आवडायचं. आंबा खरोखरच भारत-म्यानमारच्या टापूतला, तिळाचं मूळही आपल्याच उपखंडातलं. त्यामुळे या अभिमानाला कुठे ठेचही लागत नव्हती.

लागली ती चिंचेपाशी. टॅमॅरिंडस इंडिका हे झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेचं. आपल्याकडे ते फार फार पूर्वी आलं, संस्कृतात त्याला चिंचा आणि तिंतिडी अशी नावं मिळाली, आमटीत आणि पाणीपुरीत ते मुरलं, पण जन्म इथला नाही. हे वाचलं आणि मी बाकीचे 'इंडिका' तपासायला बसले. पूजेला जिची पानं लागतात ती कर्दळ, कॅना इंडिका, अमेरिकेतली निघाली. फड्या निवडुंगाची एक जात आहे, तिच्या नावात 'फायकस-इंडिका' म्हणजे 'भारतीय अंजीर' आहे, आणि ती मेक्सिकोची. ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम जपानचं. प्राण्यांत तर कळस: टॅपिरस इंडिकस हा काळा-पांढरा टापिर म्यानमार, थायलंड, मलेशिया, सुमात्रा इथे राहतो, भारताच्या जंगलात तो नाहीच.

मला राग आला. ही नावं देणाऱ्यांत सगळ्यांत मोठा माणूस कार्ल लिनियस, स्वीडनचा. १७५३ च्या 'स्पेसिज प्लांटारम'मध्ये त्यानं आंबा, चिंच, तीळ, कर्दळ या सगळ्यांना 'भारतीय' करून टाकलं. तो लॅपलँडला गेला, हॉलंडला राहिला, इंग्लंड आणि पॅरिस पाहून आला. भारतात कधी आला नाही. घरबसल्या कुणाच्याही माथी भारत मारायचा आणि शास्त्र म्हणून जगानं तो मुकाट्यानं घोकायचा? ही साहेबी बेफिकिरी आहे, असं मी बोलायला लागले. आधी अभिमानानं सांगायचे, आता संतापानं. ऐकणाऱ्यांना दोन्ही सारखंच आवडत होतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्या रागाला एक जोडही होती. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. आमच्या पिढीच्या मनावर ती लढाई कोरलेली आहे. नावं नीट नसली की हक्क जातात, असा धागा मी तिच्यातून काढला आणि तो सगळीकडे लावत सुटले. तो धागाच कच्चा होता. हळदीच्या शास्त्रीय नावात भारत कुठेच नाही. करक्यूमा लाँगा, 'लाँगा' म्हणजे लांब, आणि करक्यूमा हा हळदी-केशराच्या अरबी शब्दावरून आलेला. परिषदेनं पुढे केले ते जुने संस्कृत दाखले आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख. कागद बोलला, विशेषण नाही. हे मला माहीत होतं, पण रागाच्या भरात सोयीची अर्धी गोष्ट आठवत राहते.

मत पहिल्यांदा हललं ते व्याकरणामुळे. वसईतल्या एका निवृत्त धर्मगुरूंकडे मी अधूनमधून जात असे. मिस्सा लॅटिनमधून होत असे त्या काळात त्यांचं शिक्षण झालेलं. झाडांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण लॅटिन पक्कं. माझी यादी त्यांनी वाचली आणि भारत-आफ्रिका वगैरे सगळं बाजूला ठेवून म्हणाले, "ताई, तुम्ही शेपटाकडे बघतच नाही. इंडिकस, इंडिका, इंडिकम. चांगला, चांगली, चांगलं. हे मराठी माणसाला नाही कळायचं तर कुणाला? हिंदीवाल्यांना दोनच लिंगं, इंग्रजांना तर विशेषण फिरवायची सवयच नाही."

"पण फादर, टॅमॅरिंडस तर पुल्लिंगी दिसतं. मग इंडिका कशी?"

"झाड आहे ना? लॅटिनमध्ये झाडं बहुतेक बायका. क्वेर्कस, फायकस, शेवट 'अस' असला तरी स्त्रीलिंग."

घरी येऊन पाहिलं, तर पिंपळ फायकस रिलिजिओसा. 'रिलिजिओसस' नाही. आपल्याकडे पिंपळावर मुंजा बसतो आणि शास्त्रात पिंपळच बाई! गंमत सोडा, पण त्या दुपारनंतर मी या नावांकडे विशेषण म्हणून बघायला लागले. तोवर मी त्यांच्याकडे दाखला म्हणून बघत होते: जन्मस्थळ अमुक, सही-शिक्का. विशेषण नामाला चिकटून असतं, त्याच्यासारखं वळतं, आणि त्याचं काम एवढंच की हा कोणता ते कळावं.

हे काम लिनियसच्या आधी फार अवघड होतं. तेव्हा वनस्पतीचं नाव म्हणजे वर्णनाचं अख्खं वाक्य असे. शेताच्या बांधावर चिरबोटी उगवते, तिच्या कुळातल्या एका रोपाचं नाव असं होतं: फायसॅलिस, एका वर्षाची, खूप फांद्यांची, कोनदार गुळगुळीत फांद्यांची, दातेरी पानांची. हे दरवेळी लॅटिनमध्ये लिहायचं. लिनियसनं पानाच्या समासात एकेक सुटसुटीत शब्द छापला. या रोपापुढे 'अँग्युलाटा', म्हणजे कोनदार. त्या समासातल्या शब्दाला तो स्वतः किरकोळ नाव म्हणत असे. खरं नाव म्हणजे ते लांबलचक वाक्य, आणि हा फक्त हाक मारायला, अशी त्याची समजूत. पुढे लोकांनी वाक्यं टाकून दिली आणि हाका ठेवल्या. समासातला शब्द आणि मी त्याच्याकडून सातबारा मागत होते.

तरी चिंचेपाशी अडकायला होतंच. टॅमॅरिंडस या प्रजातीत एकच जात आहे. मग वेगळं ओळखायला विशेषण हवं कशाला? शिवाय 'टॅमॅरिंडस' हाच शब्द अरबी 'तमर हिंदी'वरून आलेला, म्हणजे भारतीय खजूर. पुढे पुन्हा इंडिका. खजुराशी काही संबंध नाही, झाड आफ्रिकेचं, आणि भारत मात्र दोनदा! याहून चुकीचं नाव शोधून सापडायचं नाही, असं मी अजूनही म्हणते.

पण चुकीचं कुणाच्या हिशेबानं? अरबी व्यापाऱ्याला झाडाच्या जन्माशी कर्तव्य नव्हतं. त्याला चिंच कुठे मिळायची? आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे गोळा होऊन ती गलबतात चढायची आणि पलीकडे औषधवाल्यांच्या दुकानात उतरायची. 'हिंदी' हा त्याच्यासाठी मालाचा पत्ता होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहून भारतातल्या औषधींवर पुस्तक लिहितो, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं जातं, आणि त्यात चिंचेवर स्वतंत्र संवाद आहे. चारच वर्षांनी क्लुसियसनं त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये करून अँटवर्पला छापला, आणि युरोपातल्या पंडितांच्या हाती तो पडला. पुढच्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे यानं 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड काढले, १६७८ पासून १६९३ पर्यंत. लिनियसनं त्यांचा भरपूर उपयोग केला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचंही आहे. तेव्हा स्वीडनमध्ये बसून कुणी मनाला येईल ते लिहिलं, हे माझं म्हणणं अर्धवटच होतं. ती माहिती बंदरांतून, बाजारांतून आणि आपल्याच वैद्यांच्या तोंडून गेलेली होती. बेफिकिरी होतीच, युरोपच्या डोळ्यांना पूर्वेचं सगळंच 'इंडिया' दिसायचं, आणि कोलंबसाच्या कृपेनं अमेरिकेचाही एक तुकडा त्यात आला. पण एकट्या लिनियसला फाशी द्यावी असा हा गुन्हा नाही.

माझ्या मताचा खरा निकाल लावला तो माझ्याच यादीनं. नावं बदलण्यासाठी एक निवेदन लिहायचं मी मनावर घेतलं होतं. त्यासाठी कागदावर रकाने पाडले: लॅटिन नाव, खरं मूळ, मराठी नाव. मराठी नावांचा रकाना भरायला घेतला आणि हात आखडला. विलायती चिंच: ना विलायतेची, ना चिंच, मेक्सिकोकडचं काटेरी झाड. विलायती बाभूळ तशीच, अमेरिकेतली. मोगली एरंड: मोगलांनी कदाचित पाहिलाही नसेल, तोही अमेरिकेचाच. गोरखचिंच आफ्रिकेतून आलेली, आणि आपण ती नाथपंथाला देऊन टाकली. सीताफळ-रामफळांनी तर थेट रामायणात जागा पटकावली, आली मात्र अटलांटिकपलीकडून. सिमला मिरचीबद्दल बोलायलाच नको. आपल्या भाषेनं लिनियसपेक्षा काही कमी उद्योग केलेले नाहीत. मग मंडईत जाऊन 'सिमला शब्द मागे घ्या' म्हणून आपण कधी ओरडलो का? नाही, कारण नाव घेताच कोणती मिरची ते भाजीवालीला आणि आपल्याला दोघांनाही कळतं. निवेदन तिथेच राहिलं.

मग मी नियम वाचले. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत यावर स्पष्ट कलम आहे: नाव समर्पक नाही, आवडत नाही, किंवा त्याचा मूळ अर्थ उरला नाही, एवढ्या कारणानं ते टाकता येत नाही. उदाहरण म्हणून तिथे सिला पेरुव्हियाना दिलं आहे, भूमध्य समुद्राकडचं कंदाचं फुलझाड. पेरू देशात ते उगवत नाही, नाव मात्र कायम. पूर्वी हे कलम कुणी दाखवलं असतं तर मी त्याला हटवाद म्हटलं असतं.

तो हटवाद नाही, हे बाभळीनं शिकवलं. अकेशिया हे नाव कुणी ठेवायचं यावर जागतिक वाद झाला. २००५ मध्ये व्हिएन्नाला निर्णय झाला, २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम झाला, आणि ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या मोठ्या गटाकडे गेलं. आपली बाभूळ झाली व्हॅचेलिया निलोटिका, खैर झाला सेनेगॅलिया कॅटेचू. शास्त्रीय कारणं होती, ती मी समजू शकते. पण आजही एका बागेत जुनं नाव, दुसऱ्या पुस्तकात नवं, आणि विद्यार्थी विचारतात की ही दोन झाडं आहेत का. एका नावाच्या बदलानं एवढा गोंधळ होतो, तर भूगोल चुकलेलं प्रत्येक नाव दुरुस्त करायचं म्हटलं तर काय होईल? 'निलोटिका' म्हणजे नाईलकाठची. देशावरच्या माळावर उभी असलेली, जिच्या लाकडाचे औत-नांगर झाले ती बाभूळ नाईलकाठची! आणि याबद्दल मला कधीच राग आला नव्हता. राग फक्त 'इंडिका'चा होता. हे लक्षात आलं तेव्हा मला माझ्या रागाची जात कळली. ती शास्त्राची नव्हती.

पांगाऱ्याचं उदाहरण याच्या उलट. त्याला एकेकाळी एरिथ्रिना इंडिका म्हणत. जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. पण लिनियसनं आधी दिलेलं व्हॅरिगाटा हे नाव ज्येष्ठ ठरलं आणि इंडिका गेली. 'व्हॅरिगाटा' म्हणजे चितकबऱ्या रंगाचा. ते बागेतल्या पट्टेरी पानांच्या पांगाऱ्याला शोभतं, रानातल्या साध्या हिरव्या पानांच्याला नाही. तिथे खरं म्हणजे 'इंडिका' जास्त शोभली असती. गेली तर गेली. शिमग्याच्या सुमारास पांगारा लाल व्हायचा तो होतोच.

म्हणजे कोणतंच नाव कधी बदलू नये, असं आता माझं म्हणणं आहे का? तसंही नाही. पांगाऱ्याचाच एक भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत आहे, एरिथ्रिना काफ्रा. हे विशेषण ज्या शब्दावरून आलं तो तिथल्या काळ्या लोकांना पिढ्यान् पिढ्या शिवी म्हणून ऐकावा लागला. जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं, ३५१ विरुद्ध २०५, आणि अशा दोनशेहून अधिक नावांमधला 'क' काढून टाकायचं ठरलं. काफ्राचं झालं आफ्रा, म्हणजे आफ्रिकेचं. एक अक्षर गेलं आणि अपमान गेला. मला हा निर्णय पटला. आफ्रिकेच्या चिंचेला भारतीय म्हटल्यानं चुकीचा भूगोल शिकवला जातो, पण कुणाच्या थोबाडीत बसत नाही. हा फरक मी आधी करतच नव्हते. चूक आणि अपमान एकाच मापानं मोजत होते. व्यक्तींच्या नावांवरून दिलेल्या नावांचं काय करावं, यावर माझं मन अजून हेलकावे खातं, पण तो विषय वेगळा.

अभिमानही त्याच बेतानं कमी झाला. आंब्यापाशी मी आता ते कोडं घालत नाही. आंबा आपला आहे हे सांगायला तुकारामांपासून परसातल्या कलमापर्यंत कितीतरी साक्षी आहेत. स्वीडिश माणसानं लिहिलेल्या तीन अक्षरांची गरज नाही. आणि भाताच्या बाबतीत तर तो अभिमान फार गुंत्यात पडतो. १९२८ मध्ये जपानी संशोधकांनी भाताचे इंडिका आणि जपोनिका असे गट पाडले. थायलंडचे, फिलिपिन्सचे कितीतरी तांदूळ इंडिकाच आहेत. त्यांच्यावर हक्क सांगायला कोण जाणार?

माझ्या फेऱ्यांत चिंचेखाली उभं राहून मी जे बोलले ते ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनी ते विसरावं. नाव चुकीचं आहे, आणि ते तसंच राहू द्यावं.

एक विनंती मात्र आहे, सोसायट्यांत, शाळांत आणि बागांत झाडांवर पाट्या लावणाऱ्यांना. मराठी नाव वर, मोठ्या अक्षरात लिहा. लॅटिन नाव त्याखाली, शेपूट तपासून. 'सेसॅमम इंडिका' मी स्वतः वाचलेलं आहे. रोमन लिपीत लिहिणार असाल तर विशेषणाचं पहिलं अक्षर लहान ठेवा, देश आला म्हणून ते मोठं करू नका. देवनागरीत ती भानगडच नाही. आणि तिसरी ओळ झाडाच्या मूळ प्रदेशाची, वेगळी. चिंचेच्या पाटीवर तिथे 'आफ्रिका' लिहा. पाटीवर तेवढी जागा असते.